नकार मिळालेल्याला विचारा

शेअर बाजारात नोंदलेल्या, बाजारमूल्याने पहिल्या 1000 कंपन्यांना सेबीने 2022-23 पासून बीआरएसआर नावाचा अहवाल बंधनकारक केला. पर्यावरण, समाज, कारभार अशा सगळ्याची माहिती त्यात द्यावी लागते. त्यातच एक तक्ता कामाच्या ठिकाणच्या परिस्थितीबद्दलच्या तक्रारींचा आहे. कर्मचाऱ्यांनी आणि कामगारांनी वर्षभरात किती तक्रारी केल्या आणि वर्षअखेर त्यांतल्या किती बाकी राहिल्या, एवढंच त्यात लिहायचं. अनेक अहवालांत या रकान्यात शून्य असतं. हजारो माणसांच्या कारखान्यात वर्षभर एकाचीही रजा चुकीने नाकारली गेली नाही, एकाचाही ओव्हरटाइम बुडाला नाही, बढतीच्या यादीबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही, यावर गेटबाहेरच्या चहावाल्याचाही विश्वास बसणार नाही.

तक्रारींचा आकडा अन्याय मोजत नाही. तक्रार केल्याने काही होईल, आणि केल्यावर आपलं काही बिघडणार नाही, हा भरवसा तो मोजतो. भरवसा वाढला की आकडाही वाढतो. त्यामुळे तक्रार पेटी नीट चालवणारी कंपनी अहवालात वाईट दिसते आणि तोंड दाबून बुक्क्यांचा मार देणारी कंपनी स्वच्छ दिसते.

मग लोकांना थेट विचारायचं. बऱ्याच मोठ्या कंपन्या ते करतातही. वर्षातून एकदा लिंक येते, चाळीस-पन्नास प्रश्न असतात आणि त्यांत एक विधान असतं: ‘कंपनीची धोरणं न्याय्य आहेत.’ पूर्ण असहमत ते पूर्ण सहमत, 1 ते 5. सरासरी 3.8 येते, गेल्या वर्षी 3.7 होती, टाउनहॉलमध्ये, म्हणजे सगळ्या कर्मचाऱ्यांच्या सभेत, स्लाइड लागते, टाळ्या पडतात. आमचं म्हणणं असं की यात मोजलं गेलं काहीच नाही. धोरण हा कागद असतो. माणसाचा संबंध येतो तो निर्णयाशी: रजा नाकारली, ग्रेड घसरली, शिफ्ट बदलली, बदली झाली. म्हणून मोजायचं तर एका ठोस निर्णयाबद्दल, तो निर्णय ज्याच्या मनाविरुद्ध गेला त्याला, आणि आठवण ताजी असताना विचारायला हवं. ज्याचं जळतं त्याला कळतं. बाकीच्यांचं मत ऐकावं, पण त्याची सरासरी काढून धोरणाला पास करू नये.

हा आग्रह हवेतला नाही. निर्णय माणसाला न्याय्य कधी वाटतो, या विषयाला साठ वर्षांचा अभ्यास आहे. 1965 मध्ये जे. स्टेसी अॅडम्स यांनी मांडलं की माणूस आपलं योगदान आणि आपल्याला मिळालेलं यांचं प्रमाण दुसऱ्या कुणाच्या तरी प्रमाणाशी ताडून बघतो. 1975 मध्ये थिबो आणि वॉकर यांनी दाखवलं की निकालाइतकंच, आपलं म्हणणं मांडायला मिळालं का, हेही माणसं मोजतात. 1980 मध्ये लेव्हेन्थल यांनी न्याय्य पद्धतीच्या सहा कसोट्या दिल्या: नियम सर्वांना सारखा, निर्णय घेणाऱ्याचा स्वार्थ बाजूला, माहिती अचूक, चूक दुरुस्त करायची सोय, संबंधितांचं म्हणणं विचारात घेतलेलं, आणि नीतीला धरून. 2001 मध्ये जेसन कोल्क्विट यांनी 20 विधानांची मोजपट्टी तयार केली, ती आजही सर्वाधिक वापरली जाते. तिचे चार भाग आहेत: पद्धतीबद्दल 7, वाटपाबद्दल 4, वागणुकीबद्दल 4 आणि मिळालेल्या खुलाशाबद्दल 5 विधानं. ‘धोरण न्याय्य आहे का’ या एका प्रश्नात हे चारही भाग एकाच हंड्यात शिजतात आणि कशात मीठ कमी पडलं ते कळत नाही.

खुलाशाला इतकं महत्त्व का, याचं उत्तर 1990 मध्ये जेरल्ड ग्रीनबर्ग यांच्या अभ्यासात मिळतं. अमेरिकेत एका कंपनीची मोठी कंत्राटं गेली. तिने दोन कारखान्यांत दहा आठवडे पगार 15 टक्क्यांनी कापला, तिसऱ्यात कापला नाही. एका कारखान्यात वरिष्ठाने सुमारे दीड तास सभा घेतली, कंत्राटं कशी गेली, पगारकपातीशिवाय पर्याय का नाही हे आकडे मांडून सांगितलं, दिलगिरी व्यक्त केली, प्रश्न घेतले. दुसऱ्यात पंधरा मिनिटांत घोषणा उरकली. कपात दोन्हीकडे तेवढीच. चोऱ्या दोन्हीकडे वाढल्या, पण पंधरा मिनिटांत उरकलेल्या कारखान्यात त्या बऱ्याच जास्त वाढल्या, आणि नोकरी सोडून जाणारेही तिथलेच जास्त. कपात संपल्यावर चोऱ्यांचं प्रमाण खाली आलं. पुढे 1996 मध्ये ब्रॉकनर आणि वीझेनफेल्ड यांनी असे अनेक अभ्यास एकत्र तपासले. सूत्र तेच निघालं: निकाल मनासारखा लागला की पद्धतीकडे फारसं कोणी बघत नाही, निकाल विरुद्ध गेला की माणूस पद्धतीचा कीस काढतो. म्हणजे पद्धतीची परीक्षा नकार मिळालेल्यापाशीच होते.

चाकणच्या पट्ट्यातला एखादा कारखाना डोळ्यांसमोर आणा. एका लाइनवर 40 माणसं, नियम असा की एका वेळी 10 टक्क्यांहून जास्त लोकांना रजा नाही. गणपतीला 14 जणांनी अर्ज केले, त्यांत कोकणातले बरेच. 4 मंजूर, 10 नामंजूर. महिन्याभराने चाळीसही जणांना विचारलं, रजेचं धोरण न्याय्य आहे का? ज्यांनी अर्जच केला नव्हता ते 26 जण सरासरी 4 गुण देतात, कारण त्यांना काही फरक पडलेला नाही. रजा मिळालेले 4 जण 5 देतात. नाकारलेले 10 जण सरासरी 2 देतात. एकूण सरासरी 3.6. ‘बरं चाललंय’ असा अहवाल जातो.

आता फक्त त्या दहांकडे बघा. पाच जण पहिल्या शिफ्टचे, पाच दुसऱ्या. पहिल्या शिफ्टच्या सुपरवायझरने पंधरा दिवस आधी बोर्डावर क्रम लावला: गेल्या वर्षी ज्यांना गणपतीला रजा मिळाली नव्हती ते आधी, मग अर्जाच्या तारखेप्रमाणे. नाव मागे गेलं त्यांना बोलावून सांगितलं, आपसात शिफ्ट बदलून घ्यायची मुभा दिली. दुसऱ्या शिफ्टचा सुपरवायझर शेवटच्या दिवसापर्यंत ‘बघू’ म्हणत राहिला. तोवर एसटीचं आणि रेल्वेचं आरक्षण संपलेलं. आणि ज्या दोघांना त्याने सोडलं ते त्याच्या मर्जीतले, निदान तशी चर्चा. पहिल्या शिफ्टचे पाच जण 3 गुण देतात, दुसऱ्या शिफ्टचे 1. सरासरी 2. कागदावरचं धोरण एकच, नकारही तोच, फरक दोन गुणांचा. 3.6 मध्ये तो पार बुडून गेला होता. आणि दुरुस्तीही लगेच कळते: धोरण बदलायची गरज नाही, क्रम लावायची रीत ठरवून ती दोन्ही शिफ्टना लावायची आहे.

असे आकडे मिळवायचे तर प्रश्न मोघम नकोत. ‘तुमच्याशी आदराने वागलं जातं का’ यावर भिडस्त माणूस 4 देऊन मोकळा होतो. काय घडलं ते विचारायचं. रजेपुरते हे पुरतात: नकार देण्यापूर्वी तुमचं कारण कोणी ऐकून घेतलं का? यादी कोणत्या क्रमाने लागते हे अर्ज करताना माहीत होतं का? तुमच्यासारखंच कारण असलेल्या दुसऱ्याला वेगळा निर्णय मिळाला का? नकार कोणी कळवला, किती दिवस आधी, कारण सांगितलं का? फेरविचार कोणाकडे मागायचा हे माहीत होतं का, मागितला तर काय झालं? बोलताना कोणी पाणउतारा केला का? आणि शेवटी दोन वेगळे प्रश्न: निर्णय पटला का, आणि निर्णय घ्यायची पद्धत पटली का. या दोन उत्तरांमधलं अंतर हीच खरी हाती लागलेली गोष्ट. ‘निर्णय पटला नाही, पद्धत पटली’ असं म्हणणारे निघाले तर ते धोरण तगेल. ‘दोन्ही पटलं नाही’ म्हणणारेच निघाले तर नाही.

‘माहीत नाही’ हा रकाना वेगळा ठेवायलाच हवा, आणि त्याची मोजणीही वेगळी. अनेक ठिकाणी पाच खुणांमधली मधली खूण ‘सांगता येत नाही’ अशी असते आणि तिचे 3 गुण धरून सरासरीत ढकलतात. ती खूण करणारा माणूस कधी खरोखर मध्ये असतो, कधी त्याला माहिती नसते, कधी तो घाबरलेला असतो. तिघांची बेरीज करून काय मिळणार? फेरविचार कोणाकडे मागायचा यावर निम्म्या लोकांनी ‘माहीत नाही’ लिहिलं, तर फेरविचाराची सोय नाही असंच धरावं, मग पुस्तिकेत त्यावर अख्खं प्रकरण का असेना. स्थायी आदेशांच्या, म्हणजे कारखान्यातल्या सेवाशर्तींच्या नियमांच्या, 1946 च्या कायद्याने तेव्हाच सांगितलं होतं की नियम इंग्रजीत आणि बहुसंख्य कामगारांना समजणाऱ्या भाषेत प्रवेशद्वाराजवळ फलकावर लावा. नियम लागले. पण कोणाचा नंबर का मागे गेला, हे फलकावर लिहिण्याची सक्ती कोणी केली नाही, आणि लोकांना हवं असतं ते नेमकं तेच.

वरच्या उदाहरणात एक अडचण आहे. पाच-पाच जणांचे आकडे वेगळे काढले की कोण काय बोललं हे सुपरवायझर अर्ध्या मिनिटात ओळखतो. दहापेक्षा कमी उत्तरं असलेला गट वेगळा दाखवायचा नाही, ही किमान शिस्त. मग एका लाइनवरच्या एका सणाचे आकडे जाहीर करायचे नाहीत. वर्षभरातले सगळे नकार विभागवार एकत्र करायचे, आणि सुपरवायझरनिहाय फरक बाहेरच्या विश्लेषकाने फक्त तक्रार निवारण समितीला, तेही ‘फरक मोठा आहे’ एवढ्याच शब्दांत सांगायचा. विभाग, वय, लिंग, सेवेची वर्षं हे चारही एकदम विचारू नयेत. पेंट शॉपमध्ये दोनच महिला असतील तर नाव विचारल्यासारखंच झालं. कंपनीच्या ईमेलवरून उघडणारी, टोकन नंबर मागणारी लिंक गोपनीय आहे असं सांगून उपयोग नाही. कॅन्टीनमध्ये पेटी आणि कागद ठेवला तर लोक जास्त मोकळं लिहितात. पेटी एचआरने उघडायची नाही. औद्योगिक संबंध संहितेत 20 किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेत दोन्ही बाजूंचे समसमान सदस्य असलेली तक्रार निवारण समिती सांगितली आहे. पेटीला दोन कुलुपं लावावीत, एक किल्ली कामगारांच्या बाजूच्या सदस्याकडे. जुनाट वाटेल, पण चालतं.

आकड्यांचं वाचनही बरेचदा चुकतं. 60 जणांची उत्तरं आहेत आणि उत्तरांचं प्रमाण विचलन (उत्तरं सरासरीपासून किती विखुरली आहेत त्याचं माप) सुमारे 1 गुण आहे असं धरा, तर सरासरीत अंदाजे पाव गुण इकडे-तिकडे होऊ शकतो. दोन वर्षांची तुलना करायची तर फरक साधारण 0.36 च्या पुढे गेल्याशिवाय काही बदललं असं म्हणता येत नाही. 3.7 चं 3.8 झालं म्हणून स्लाइड लावणं हा निव्वळ देखावा. सरासरीपेक्षा 1 आणि 2 गुण देणाऱ्यांचं प्रमाण सांगावं, ते लपत नाही. आणि हे गुण कोणत्याही मॅनेजरच्या बोनसला जोडू नयेत. जोडले की महिन्याभरात ‘यंदा सगळ्यांनी 5 द्या रे’ सुरू होतं आणि मोजपट्टीच हातातून जाते.

विचारायचं कधी? निर्णयानंतर दोन ते तीन आठवड्यांत. त्याच दिवशी विचारलं तर राग मोजला जातो, सहा महिन्यांनी विचारलं तर मधल्या काळातला बोनस, झालेलं भांडण, बदललेला साहेब हे सगळं त्यात मिसळतं.

आता सर्वांत मोठी पळवाट. कित्येक कारखान्यांत सर्वेक्षण फक्त कायम कामगारांचं होतं. 120 कायम आणि 80 कंत्राटी असतील, कायम कामगार सरासरी 4 देतात आणि कंत्राटी 2.5, तर खरी सरासरी 3.4, अहवालात मात्र 4 छापून येतो. ‘ते आमचे कर्मचारीच नाहीत, कंत्राटदाराचे आहेत’ हे उत्तर ठरलेलं. त्यामागे कायद्याची भीतीही असते: कंत्राटी माणसाला आपण थेट प्रश्न विचारले तर तो थेट आपल्या नियंत्रणाखाली आहे असा पुरावा उद्या कोर्टात उभा राहील. भीती समजण्यासारखी आहे, पण तिच्या आडून डोळे मिटणं समर्थनीय नाही. कंत्राटदाराने मजुरी बुडवली तर ती देण्याची जबाबदारी मूळ मालकावर असते, हे 1970 च्या कंत्राटी कामगार कायद्यापासून ठरलेलं आहे. जबाबदारी आहे तर माहिती घ्यायलाच हवी. ती बाहेरच्या संस्थेमार्फत घ्या, कंत्राटदाराच्या सहीने घ्या, पण घ्या. आणि इथे अॅडम्स यांचा मुद्दा पुन्हा येतो, की माणूस स्वतःची तुलना कोणाशी करतो. कंत्राटी कामगार शेजारच्या मशीनवरच्या कायम माणसाशी करतो. नवा कायम कामगार मागच्या वेतन करारात लागलेल्या जुन्याशी करतो. जुना कामगार एचआरमधल्या पंचवीस वर्षांच्या मुलाशी करतो. ‘तुम्ही कोणाशी तुलना करता’ हा प्रश्न न विचारता पगाराच्या न्याय्यतेचे गुण गोळा केले, तर तीन वेगळ्या तक्रारी एका आकड्यात गाडल्या जातात.

सरकारी नोकरी याला अपवाद नाही. जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शिक्षकांच्या बदल्या 2017 पासून संगणकावर होतात. अवघड क्षेत्र, विशेष संवर्ग भाग एक, भाग दोन, बदली अधिकारप्राप्त, बदलीपात्र असे क्रम ठरलेले आहेत; गंभीर आजारी किंवा दिव्यांग शिक्षकाला आधी संधी, पती-पत्नी एकत्रीकरणाला तीस किलोमीटरची अट. लेव्हेन्थल यांच्या पहिल्या कसोटीवर हे पूर्वीच्या ‘भेटा आणि बघा’ पद्धतीपेक्षा पुष्कळ वर उतरतं. वशिल्याची एक मोठी वाट बंद झाली. पण वाद मिटले नाहीत, सरकले. ते अंतराच्या आणि आजाराच्या दाखल्यांवर आले, शाळा कोणत्या क्षेत्रात धरली यावर आले, चुकीची नोंद कोण आणि किती दिवसांत दुरुस्त करणार यावर आले. म्हणजे सारखेपणा मिळाला. अचूकता आणि दुरुस्ती मागे राहिली. ‘ऑनलाइन बदल्या न्याय्य आहेत का’ असा एकच प्रश्न राज्यभर विचारला असता तर एक बाजू होय म्हणाली असती, दुसरी नाही, आणि हा फरक कधीच कळला नसता. बदल्यांत आपली शाळा दुसऱ्याला गेल्याने विस्थापित झालेल्या शिक्षकाला बसून विचारलं तर तो पाच मिनिटांत नेमकी कडी दाखवतो.

यावर व्यवस्थापनाचा ठरलेला आक्षेप असतो की हरलेले नाराजच असणार, त्यांना विचारून काय मिळणार? पहिलं उत्तर वर आलंच आहे: नाराजी सगळ्यांची सारखी नसते, आणि ज्या फरकावर उपाय करता येतो तो त्यांच्यातच सापडतो. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. काही अभ्यासक म्हणतात की माणूस न्यायाचे चार भाग वेगळे करून जगत नाही, ‘इथे माझ्याशी नीट वागतात की नाही’ असं एकच मत बनवतो. अँब्रोझ आणि श्मिंके यांनी 2009 मध्ये त्यासाठी सहा विधानांची छोटी पट्टीही केली. कोण नोकरी सोडेल याचा अंदाज बांधायला ती पुरते. दुरुस्ती करायला पुरत नाही. ताप किती हे कळलं, कशामुळे ते राहिलंच.

खरा धोका वेगळाच आहे, आणि तो आमच्या बाजूलाही लागू पडतो. रॉबर्ट फोल्गर आणि इतर अभ्यासकांना आढळलं की माणसाला बोलायची संधी दिली आणि तरीही अन्यायाचाच निकाल पदरात पडला, तर काही परिस्थितींत तो न विचारलेल्या माणसापेक्षा जास्त चिडतो. म्हणून बदलता येणार नाही ते विचारूच नये. वेतन करार तीन वर्षांसाठी सही झाला असेल तर दुसऱ्या वर्षी मूळ वेतनाबद्दल गुण मागू नका; ओव्हरटाइमचं वाटप, शिफ्ट, रजा, ग्रेड यांबद्दल विचारा. पेटी उघडल्यापासून तीस दिवसांच्या आत फलकावर तीन गोष्टी लागल्या पाहिजेत: काय कळलं, काय बदलतोय, आणि काय बदलत नाही व का. तिसरी ओळ टाळण्याकडे सगळ्यांचा कल असतो. मात्र लोक सगळ्यात आधी तीच वाचतात.

सेबीच्या तक्त्यात बदल करायचा तर फार मोठा नको. तक्रारींच्या संख्येशेजारी आणखी तीन आकडे छापायला लावा: फेरविचारासाठी आलेल्या निर्णयांपैकी किती टक्के फिरले, निर्णय विरुद्ध गेलेल्यांपैकी किती टक्क्यांना कारण सांगितलं गेलं असं ते स्वतः म्हणतात, आणि या दोन्हींत कंत्राटी कामगार धरले आहेत की नाहीत. पहिला आकडा कायम शून्य राहिला तर त्याचा अर्थ गुंतवणूकदारालाही कळेल: एकतर त्या कंपनीत निर्णय कधीच चुकत नाहीत, किंवा फेरविचाराचा अर्ज वाचणारं तिथे कोणी नाही.